ग्वाल्हेरची देवळं: फेरी पूर्वेकडून सुरू करा

ग्वाल्हेरचा किल्ला एका दिवसात दाखवायचा तर बहुतेक गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर चढतात. सोयीचं आहे, उरवाईतल्या प्रचंड जैन मूर्तीही वाटेतच दिसतात. पण त्यामुळे चतुर्भुज मंदिर हमखास सुटतं, कारण ते पूर्वेच्या जुन्या चढणीवर आहे आणि तिथे पायीच जावं लागतं. म्हणून आमच्या मंडळाची फेरी मी पूर्वेकडूनच नेतो. गुडघे कुरकुरतात, हे मान्य.

देऊळ अगदी लहान, खडकातच कोरलेलं. प्रतिहार राजा भोजाच्या काळात किल्ल्याचा अधिकारी असलेल्या अल्लाने ते करवलं. इथल्या शिलालेखात संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा उल्लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद आणि रोजच्या पूजेला ५० माळा, असा हिशेब त्यात आहे. २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे लहानसं वर्तुळ, आज आपण काढतो तसंच. हात दीड फुटाचा धरला तर बाग साधारण अडीच एकराची होते. इंजिनिअर माणसाला हे गणित केल्याशिवाय पुढे जाववत नाही!

मात्र ‘जगातलं पहिलं शून्य’ असं जे इथे सर्रास सांगतात, ते सांगू नये. कंबोडियातल्या शके ६०५ (इ.स. ६८३) च्या शिलालेखातलं शून्य याहून जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे. माझ्या मते ग्वाल्हेरच्या शून्याचं खरं मोल दुसरीकडेच आहे. ते पंडिताच्या ग्रंथात नाही, जमिनीच्या आणि माळांच्या व्यवहारात आलंय. म्हणजे तोवर ही पद्धत लोकांच्या सवयीची झाली होती.

याच लेखात तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यायचं ठरवल्याचीही नोंद आहे. वरच्या ‘तेली का मंदिर’ या नावाचा कुणी तेल्यांशी तर कुणी तेलंगणाशी संबंध जोडतात. दोन्ही तर्कच. डोळे भरून बघावं ते त्याचं आयताकृती शिखर आणि दारावरचा गरुड. १८५८ नंतर किल्ला इंग्रजी फौजेकडे होता, तेव्हा या देवळात सोडावॉटरचा कारखाना चालला. पुढे १८८१ ते १८८३ मध्ये मेजर कीथने डागडुजी करून पडलेले अवशेष जोडत समोरचं दार उभं केलं. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला परत शिंद्यांकडे आला.

सासबहूची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: सासू विष्णूभक्त, सून शिवभक्त. ऐकायला गोड आहे, सांगावीही. पण मोठ्या देवळातला इ.स. १०९३ चा लेख वेगळं बोलतो. कच्छपघात राजा पद्मपालाने काम सुरू केलं, महीपालाने पुरं केलं, आणि देव विष्णूच. शिखर गेलंय, तरी तीन मजली मंडपात उभं राहिलं की मूळ उंचीचा अंदाज येतो.

उतरून संध्याकाळी लष्करात यावं. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं हे शहर, म्हणून नावही लष्करच. गोरखीत शिंद्यांच्या देवघराशेजारीच मन्सूरशहा अवलियांचं स्थान आहे, आणि शिंदे घराणं त्यांना मानत आलंय. हा थांबा बऱ्याच फेऱ्यांत वगळतात. वेळ कमी पडला तर मी मानमंदिरातली अर्धी रेंगाळणी कापतो, गोरखी नाही.