खिडकीतील फुलांची चित्रकर्त्री

भारतमंत्र्यांच्या कचेरीत उपमंत्रिपदाचा हुद्दा भूषविलेल्या आपल्या वडिलांसमवेत १९१९ साली हिंदुस्थानच्या प्रवासास निघालेल्या आणि येथील प्रखर प्रकाशाने जिची रंगदृष्टी पालटली अशा एका तरुणीने, म्हणजे विनिफ्रेड निकलसन (१८९३–१९८१) यांनी, पुढे आयुष्यभर खिडकीच्या कट्ट्यावरील फुलांना आपल्या चित्रांत अढळ स्थान दिले. लुगानोच्या मुक्कामी चित्रकार पती बेन निकलसन यांनी पातळ कागदात गुंडाळून आणलेल्या शुभ्र फुलांच्या कुंडीचे ‘मुगेत्ती’ हे चित्र या साधनेचा आरंभ होय. कुंडीमागे भिंत नव्हती. डोंगर, सरोवर आणि आकाश होते, आणि त्यामुळे घराची ऊब व क्षितिजाची दूरता एकाच फलकावर सुखाने नांदू लागली.

पुढे पॅरिसमध्ये अमूर्त चित्रकार मोंद्रियान यांच्या स्नेहात त्यांनी काही काळ फुलांचाही आकार त्यागून शुद्ध अमूर्त चित्रे काढली आणि १९३७ च्या ‘सर्कल’ या ग्रंथात ‘विनिफ्रेड डेकर’ या नावाने लेखन केले. तथापि, फुले हा घरगुती, बायकी विषय, या रूढ समजुतीपायी कलेतिहासाच्या दप्तरात त्यांची नोंद दीर्घकाळ एका थोर चित्रकाराची पत्नी एवढीच राहिली. मृत्यूनंतर, १९८७ साली, टेट गॅलरीने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा फूल हे केवळ निमित्त असून रंग हेच त्यांचे खरे आराध्य होते, हे सत्य रसिकांपुढे उशिरा का होईना, पण उजळून निघाले.