मोडलेल्या डावाचा न्याय

सरकारी नोकरीच्या रगाड्यात विद्येची सेवा ती काय होणार, असा सूर परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आपल्या मंडळींत पुष्कळदा निघतो. तो ऐकला म्हणजे आम्हांस फ्रान्समधील तुलूझ येथील एका न्यायाधिकाऱ्याची आठवण होते. पिएर द फेर्मा हे त्याचे नाव. खटल्यांचे कागद पाहावेत आणि फावल्या वेळी गणित करावे, असा त्याचा क्रम. १६५४ साली ब्लेझ पास्कालशी झालेल्या त्याच्या पत्रव्यवहारात संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

प्रश्न जुनाच होता. दोघे पैज लावून खेळावयास बसले आणि डाव मध्येच मोडला, तर रक्कम कशी वाटावी? ज्याने जितके गुण मिळविले त्या प्रमाणात, असे पाचोली या इटालियन पंडिताने १४९४ साली सांगितले. एकाने एकच फेरी जिंकली व दुसऱ्याने एकही नाही, तर पहिल्याने सारेच न्यावे काय, असे १५५६ साली तार्ताल्याने विचारले. आणि हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचाच आहे, असा अभिप्राय दिला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी एका न्यायाधिकाऱ्यानेच तो सोडविला, पण गणिताने!

मागे काय झाले हे सोडून पुढे काय काय होऊ शकते, ते फेर्माने मोजले. समजा, खेळाडू तुल्यबळ आहेत. पहिल्याला जिंकण्यास दोन फेऱ्या हव्यात, दुसऱ्याला तीन. चार फेऱ्यांत निकाल लागलाच पाहिजे. प्रत्येक फेरीचे दोन निकाल, म्हणून एकंदर प्रकार १६.

हा हिशेब आपणांस परका नाही. चार अक्षरांत लघुगुरू किती प्रकारांनी बसतात, हे सांगणारा छंदःशास्त्रातील प्रस्तार तो हाच. चारही लघू १, एक गुरू ४, दोन गुरू ६, तीन गुरू ४, चारही गुरू १. गायत्रीच्या चरणाविषयी असेच उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त घातले आहे. आता लघू म्हणजे पहिल्याचा जय समजा. निदान दोन लघू असलेले प्रकार १, ४ आणि ६ मिळून ११. दुसऱ्याच्या वाट्यास उरले ५. पैज ६४ मोहरांची असेल, तर एकास ४४, दुसऱ्यास २०. पास्कालनेही आपल्या वेगळ्या रीतीने हेच उत्तर काढले.

यावर रोबेर्व्हाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला: निकाल दोन फेऱ्यांतही लागेल, मग चार का धराव्यात? आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. निकाल लागताच थांबावयाचे म्हटले, तर दहाच प्रकार होतात. सहा पहिल्याचे, चार दुसऱ्याचे. परंतु ते दहा सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकण्याच्या एका प्रकारात सोळांपैकी चार सामावलेले असतात. पास्कालचे उत्तर असे, की निकालानंतर उरलेल्या फेऱ्या खेळल्या तरी जय बदलत नाही. मग सोळा मोजण्याने कोणाचीच हानी नाही.

न्याय मोजून करावयाचा, तर आधी सारख्या वजनाच्या गोष्टी निवडाव्या लागतात. मोजणी सोपी; ही निवड अवघड. हाताखालच्या माणसांचे हक्क आकड्यांत बसविणाऱ्या आपणां अधिकाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

फेर्मा १६६५ साली कास्त्र येथे न्यायालयाच्या कामावर असतानाच वारला. त्याच्या गणितलेखनाचा संग्रह त्याच्या मुलाने १६७९ साली प्रसिद्ध केला. त्याने निकालात काढलेल्या खटल्यांची आज कोणास आठवण नाही. मोडलेल्या डावाचा निवाडा मात्र टिकला आहे.