उत्पन्न कमी, साक्षरता बरोबरीची

मंगरूळपीर - देशाच्या तिजोरीत किती पैसा येतो, यावरून तेथील माणूस किती जगतो आणि किती शिकतो, हे सांगता येत नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक पुढे आणला, तो याच कारणाने. आयुर्मान, शिक्षण व दरडोई उत्पन्न हे त्याचे तीन आधार. त्यात उत्पन्न लघुगणकाने मोजले जाते. त्यामुळे एक हजार डॉलरचे दोन हजार झाले, तर उत्पन्नाच्या निर्देशांकात जेवढी भर पडते, तेवढीच वीस हजारांचे चाळीस हजार झाल्यावर पडते. गरिबाच्या हातातील रुपयाचे मोल अधिक, हे येथे गणितानेच मान्य केले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात उत्पन्नाचा क्रमांक व विकासाचा क्रमांक यांतील फरकाचा स्वतंत्र रकाना असतो. श्रीलंका, क्यूबा यांचा फरक अधिक, तर कुवेत, कतार यांचा उणे. भारतात केरळने १९७० च्या दशकात राष्ट्रीय सरासरीहून कमी उत्पन्नात साक्षरता व आयुर्मानात आघाडी घेतली होती.

मंगरूळपीर तालुका ज्या वाशीम जिल्ह्यात येतो, तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सोयाबीन, तूर व कपाशीवर विसंबलेला हा जिल्हा दरडोई उत्पन्नात नंदुरबार, गडचिरोलीच्या पंगतीत बसतो. तरीही २०११ च्या जनगणनेत त्याची साक्षरता ८० टक्क्यांवर, म्हणजे राज्याच्या ८२.३४ टक्क्यांच्या आसपास होती. येथील मोजक्या पैशाचे शाळेत बऱ्यापैकी चीज झाले, असे म्हणावे लागेल. मात्र त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्याच्या ८९४ या सरासरीहूनही कमी भरली. अक्षरओळख झाली म्हणजे मुलगी हवीशी होतेच, असे नाही. आणि निर्देशांकाचे तिन्ही आधार ही गोष्ट टिपत नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये निती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमची निवड केली. राज्यातून असे चारच जिल्हे होते. त्यातील ४९ निकषांत आरोग्य-पोषण व शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार, तर शेती व जलस्रोतांना २० टक्के. दरडोई उत्पन्नाला स्वतंत्र भार नाही.