रिकाम्या आकाशात एक गोळा



पूजेचा संकल्प आठवा. गुरुजी जागा सांगतात ती नदीवरून, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वगैरे. आणि वेळ सांगतात ती चंद्र-सूर्य कुठल्या राशीत आहेत त्यावरून. आता नदी नाही, चंद्र-सूर्यही नाहीत असं समजा. मग जागा आणि वेळ उरते का?

न्यूटन म्हणाला, उरते. अवकाश आणि काळ आपापले आहेतच, त्यांत काही असो वा नसो. त्याला आडवा आला तो आपल्या इथला, १६८५ साली किल्केनीजवळ जन्मलेला, ट्रिनिटीत शिकलेला जॉर्ज बर्कली. अवकाश अनादि, अनंत आणि कुणीच न घडवलेलं मानलं, तर देवाशेजारी दुसरा देव उभा केल्यासारखं होतं, हा १७१० सालचा त्याचा आक्षेप. गडी पुढे बिशप झाला, हे लक्षात घ्या.

पण १७२१ च्या लॅटिन निबंधातला युक्तिवाद मला जास्त भक्कम वाटतो. विश्वात एकच गोळा ठेवा. तो हलतोय की थांबलाय, कशावरून ठरवणार? दोन गोळे एकमेकांभोवती फिरवलेत तरी तेच. आकाशात तारे आणा, मग कुठे गती कळेल. दीडशे वर्षांनी हाच धागा माखने धरला, आणि माख वाचून आइनस्टाइन पुढे गेला.

ट्रिनिटीच्या ग्रंथालयावर मात्र बर्कलीचं नाव आता दिसणार नाही. अमेरिकेत असताना त्याने गुलाम विकत घेतले होते, म्हणून २०२३ साली ते काढायचं ठरलं. आता तिथे कवयित्री ईव्हन बोलंड यांचं नाव आहे.