वॉर्डातली वेदी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचं गाव आहे. लांबलेली युद्धं, लुटारू सैनिकांच्या टोळ्या आणि दुष्काळ यांनी तो मुलूख नागवला होता. तेव्हा बर्गंडीच्या ड्यूकचे प्रधान निकोला रोलाँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालँ यांनी ४ ऑगस्ट १४४३ रोजी तिथे गरिबांसाठी रुग्णालय काढलं. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला आणि पुढे १९७१ पर्यंत तिथे रुग्ण येत राहिले. सरकारी दवाखान्यात देवाची तसबीर असावी का, असा वाद आज कुठेही निघाला की मला या इमारतीचा नकाशा समोर ठेवावासा वाटतो. ती तसबीर तिथे आली कशी, हे त्या नकाशात दिसतं.

मुख्य दालन सुमारे पन्नास मीटर लांब. दोन्ही भिंतींना लागून खाटांची रांग, खाटांना लाल पडदे, एकेका खाटेवर दोन-दोन रुग्ण. दालनाच्या टोकाला लाकडी जाळी आणि जाळीपलीकडे प्रार्थनामंदिर. मधे भिंत नाही. वॉर्ड आणि मंदिर एकाच छताखाली, एकाच सरळ रेषेत. पडदा बाजूला केला की पडल्या पडल्या मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, ऐकता येई आणि वेदी दिसे. वेदीवर रोखिअर व्हॅन डर वायडन यांनी रंगवलेलं ‘अखेरचा न्याय’ हे अनेक फळ्यांचं भव्य चित्र होतं. एरवी त्याची दारं मिटलेली असत, रविवारी आणि सणाच्या दिवशी उघडत. उघडल्यावर मध्यभागी इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त आणि त्याच्या खाली हातात तराजू धरलेला देवदूत मायकेल दिसतो. मायकेलची नजर थेट बघणाऱ्यावर रोखलेली आहे. एका बाजूला थोडीशी माणसं स्वर्गाच्या दाराशी पोचतात, दुसऱ्या बाजूला उरलेली नरकात कोसळतात. त्यांना ओढून नेणारा सैतान चित्रात कुठेच नाही. ती आपल्याच भाराने आणि एकमेकांना खेचत खाली जातात.

तापाने फणफणलेल्या, मरणाच्या दारात असलेल्या शेतमजुरासमोर हे चित्र का उघडायचं? आज हा प्रकार निर्दय वाटेल, पण त्या काळचा हिशेब वेगळा होता. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वैद्यांना एक नियम घालून दिला होता. रुग्णाकडे बोलावणं आलं की वैद्याने सर्वांत आधी त्याला आत्म्याचा वैद्य, म्हणजे धर्मगुरू बोलवायला लावायचं, औषधपाणी त्यानंतर. कारण असं दिलं होतं की आजार पापामुळेही येतो, आणि मूळ काढलं की दुखणं हटतं. दुसरं कारण मला फार माणसाळलेलं वाटतं. धर्मगुरूला शेवटच्या घटकेलाच बोलावलं तर रुग्णाला कळतं की आपलं काही खरं नाही, तो हाय खातो आणि त्या धक्क्यानेच आणखी खालावतो. म्हणून सगळ्यांसाठी, अगदी पहिल्या दिवसापासून बोलवा, म्हणजे कोणी घाबरणार नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारा, हा पेच अजून सुटलेला नाही.

म्हणजे वेदी ही वॉर्डाची सजावट नव्हती. उपचाराची सुरुवात तिथून होत होती. आधी पापांची कबुली, मग खाट, मग काढा. रुग्णालयच वेदीभोवती बांधलं जाई, आणि खाटांची दिशाही तिच्याकडे बघून ठरे.

याआधी असं नव्हतं. ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपिओस, त्याच्या एपिडॉरस इथल्या देवस्थानात आजारी माणसं रात्री झोपायला येत, स्वप्नात देव उपाय सांगेल या आशेने. बरी झालेली माणसं मूर्ती आणि कोरलेल्या पाट्या वाहत. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्यांना आणि वांद्र्याच्या मोत मावलीला मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण त्या देवस्थानाच्या पवित्र हद्दीत कोणी मरायचं नाही आणि कोणी बाळंत व्हायचं नाही, असा कडक नियम होता. मरणाऱ्याला बाहेर नेत. पुढे दुसऱ्या शतकात एका रोमन सरदाराने अशा लोकांसाठी हद्दीबाहेर घर बांधून दिलं. मरणाऱ्याला आत घेणं हे पुढच्या काळाचं काम ठरलं. इ. स. ३७० च्या सुमारास बिशप बेझिल यांनी आशिया मायनरमधल्या सिझेरियात गरीब, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठं सेवास्थान उभारलं. अशा सेवास्थानांतून पुढे ख्रिस्ती जगातलं रुग्णालय आकाराला आलं. ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला या धर्माने खाट दिली, हे ऋण मान्य केल्याशिवाय भिंतीवरच्या क्रुसाबद्दल बोलण्याचा अधिकार पोचत नाही, असं मी मानतो.

वेदी आणि औषध एकमेकांत किती मिसळले होते, हे अल्सासमधल्या इझेनहाइमला दिसतं. तिथे संत अँथनीच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मठ आणि रुग्णालय होतं. ते ‘संत अँथनीची आग’ या रोगासाठी प्रसिद्ध होतं. हातापायांची आग होई, बोटं काळी पडत, अवयव सडून गळत. कारण होतं राय या धान्यावर वाढणारी बुरशी, आपल्याकडे बाजरीच्या कणसावर येणाऱ्या अरगटाच्याच कुळातली. ओल्या वर्षांत ती माजे आणि गरिबांच्या भाकरीतून पोटात जाई. मातीआस ग्रूनेवाल्ड यांनी १५१२ ते १५१६ च्या दरम्यान या मठाच्या वेदीसाठी चित्रं रंगवली. त्यातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताची कातडी हिरवट, जखमांनी भरलेली आहे आणि बोटं वेदनेने ताठरली आहेत. दुसऱ्या एका फळीवर कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, फोडांनी भरलेला एक रोगीच बसला आहे. रुग्णांना या वेदीसमोर आणत. आपल्यासारखंच अंग देवाचंही झालं आहे, हे त्यांना तिथे दिसे.

आणि माणसं सुधारत. संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन, मलम आणि गरज पडली तर सडलेला अवयव कापणं हे उपचार होते. पण मला वाटतं, खरा गुण मठाच्या चांगल्या पावाचा असावा. बुरशीची भाकरी बंद झाली की विष पोटात जायचं थांबे. गुणाचं श्रेय वेदीला गेलं, आणि जाणारच, कारण पाव आणि वेदी एकाच दारातून मिळत होती. पुढे याच बुरशीतून एर्गोमेट्रिन निघालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला आपल्या प्रसूतिगृहांत मेथर्जिनचं इंजेक्शन देतात, ते त्याच घराण्यातलं.

पोर्तुगिजांबरोबर ही धर्मसंघाची रुग्णालयं समुद्र ओलांडून गोव्यात आली. सोळाव्या शतकात जुन्या गोव्यात राजाचं रुग्णालय उभं राहिलं. काही काळ ते मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे होतं, नंतर जेझुइटांकडे. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत तिथे पोचला आणि तिथल्या व्यवस्थेचं भरभरून कौतुक त्याने लिहून ठेवलं. पण त्या खाटा युरोपीय सैनिकांसाठी आणि खलाशांसाठी होत्या. स्थानिक माणसांची सोय निराळी.

इकडे फ्रान्समध्ये, पॅरिसचं सर्वांत जुनं रुग्णालय नोत्रदाम या चर्चच्या कुशीतच आहे, आणि त्याचं नावच ‘देवाचं घर’ : ओतेल-द्यू. १७८८ साली शल्यवैद्य झाक तनों यांनी तिथली पाहणी छापली. एका खाटेवर चार-चार, सहा-सहा रुग्ण, जिवंत आणि मेलेले शेजारी शेजारी. राज्यक्रांतीत, १७९३ साली, त्याचं नाव बदलून ‘मानवतेचं मोठं सेवागृह’ केलं. पाटी बदलली, गर्दी तीच राहिली. नेपोलियनच्या काळात धर्मभगिनी परतल्या आणि क्रूसही परतले.

भिंतीवरची खरी लढाई झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि ती लढणारा माणूस डॉक्टर होता. देझिरे-मॅग्लुआर बूर्नव्हील हे मेंदूच्या आजारांचे तज्ज्ञ, त्याच क्षेत्रातले नामवंत डॉक्टर शार्को यांच्या तालमीतले. त्यांच्या नावाचा एक आजार वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. बिसेत्रच्या रुग्णालयात मतिमंद मुलांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. १८७६ मध्ये ते पॅरिसच्या नगरपरिषदेत निवडून गेले आणि सार्वजनिक रुग्णालयं धर्मसंघाच्या हातून काढून घ्यायची मोहीम त्यांनी उघडली. त्यांची तक्रार स्पष्ट होती. वॉर्ड चालवणारी धर्मभगिनी डॉक्टरच्या आधी आपल्या मठाचं ऐकते, आणि धर्म न मानणाऱ्या रुग्णावर शेवटच्या घटकेला कबुलीसाठी दबाव येतो. १८७८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने साल्पेत्रिएर आणि बिसेत्र या रुग्णालयांत पगारी परिचारिकांसाठी शाळा निघाल्या. आलेल्या कित्येक बायकांना आधी लिहा-वाचायला शिकवावं लागलं. एकेका रुग्णालयातून धर्मभगिनी गेल्या, संतांच्या नावाच्या वॉर्डांना डॉक्टरांची नावं मिळाली. जानेवारी १९०८ मध्ये ओतेल-द्यूमधूनही त्या बाहेर पडल्या.

बूर्नव्हील यांना सर्वांत कडवा विरोध केला तो शल्यवैद्य आर्मां देप्रे यांनी, आणि ते स्वतः मुक्तविचारी होते. त्यांचं म्हणणं होतं की रात्रंदिवस वॉर्डात राहणाऱ्या, जवळजवळ फुकट राबणाऱ्या अनुभवी बायका काढून तुम्ही अल्प पगारावर न शिकलेल्या मुली आणता, हाल रुग्णांचे होणार. या मुद्द्यावर देप्रे पुष्कळ अंशी खरे होते. प्रशिक्षित परिचारिकांची फळी तयार व्हायला फ्रान्सला अनेक वर्षं लागली. भिंतीवरचा क्रूस एका दिवसात उतरतो. त्या क्रुसाच्या भरवशावर उभी असलेली सेवा एका दिवसात उभी राहत नाही.

दरम्यान आला ९ डिसेंबर १९०५ चा कायदा. फ्रान्समध्ये राज्य आणि धर्म यांना त्याने वेगळं केलं, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण रुग्णालयापुरती त्याची दोन कलमं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. अठ्ठाविसाव्या कलमानुसार, यापुढे सार्वजनिक वास्तूवर किंवा सार्वजनिक जागी धार्मिक चिन्ह उभारायचं नाही. प्रार्थनास्थळं, दफनभूमी, थडग्यांवरची स्मारकं, संग्रहालयं आणि प्रदर्शनं एवढाच अपवाद. ‘यापुढे’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे, जुनं फोडत बसायचं नाही म्हणून. दुसरं कलम आधी सांगतं की राज्य कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही. पण त्याच कलमात लगेच अपवाद येतो : शाळा, रुग्णाश्रम, वेड्यांची इस्पितळं आणि तुरुंग इथल्या धर्मगुरूंच्या सेवेचा खर्च सरकारी तिजोरीतून करता येईल. कारण तिथली माणसं उठून देवळात जाऊ शकत नाहीत.

या कायद्यातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हेच. भिंत रिकामी केली, पण दार बंद केलं नाही. वेदी वॉर्डाच्या टोकाला होती तेव्हा तिच्याकडे बघायचं की नाही हे रुग्णाच्या हाती नव्हतं. धर्मगुरू बोलावल्यावर येतो, ‘नको’ म्हटलं तर जातो. आज तिथल्या सरकारी रुग्णालयांत कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि मुस्लिम धर्मसेवक काम करतात, आणि रुग्णाला खाटेवर आपली प्रार्थना करायचा हक्क आहे. गंमत अशी की ज्या अल्सासमध्ये ग्रूनेवाल्डची वेदी आहे, तो प्रांत १९०५ साली जर्मनीकडे होता. त्यामुळे हा कायदा तिथे आजही लागू नाही आणि पाद्र्यांना सरकारच पगार देतं.

मात्र हीच रेघ पुढे जिथे सरकवली गेली तिथे माझं मन साथ देत नाही. नांतेरच्या एका सरकारी रुग्णालयाने डोक्यावरचा रुमाल न काढणाऱ्या मुस्लिम समाजसेविकेचं कंत्राट २००० साली वाढवलं नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१५ मध्ये रुग्णालयाची बाजू उचलून धरली. भिंत ही संस्थेची असते, तिच्यावरचं चिन्ह संस्थेचं बोलणं असतं. पण एका बाईच्या डोक्यावरचा रुमाल हा संस्थेचा शब्द कसा होतो? देप्रेंनी विचारला असता तोच प्रश्न मी विचारेन : तिचं काम कसं होतं?

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत कुठे आवारात देवळी असते, कुठे वॉर्डाच्या कोपऱ्यात देवाची तसबीर, तिला रोजचा हार. त्या कुणा धर्मसभेच्या ठरावाने आल्या नाहीत. बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्या, रुग्णांच्या नातेवाइकांच्या श्रद्धेने आल्या, म्हणून त्यांच्यावर बोट ठेवायला कोणी धजत नाही. पण खाटेवरून त्या तशाच दिसतात जशी बोनची वेदी दिसे. तोच देव मानणाऱ्या बाईला धीर येतो. शेजारच्या खाटेवरच्या, दुसरं काही किंवा काहीच न मानणाऱ्या बाईला कळतं की हे घर आपलं नाही, इथे आपली सोय केलेली आहे. प्रसूतीच्या कळा देताना हे कोणालाही कळू नये. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कोणावरही कर लादता येणार नाही, असं राज्यघटनेचं सत्ताविसावं कलम म्हणतं. सार्वजनिक जागी नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका आणि जुन्यांचा विचार एकेक करून करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये राज्यांना बजावलं. तेव्हा आवारातल्या जुन्या देवळीवर उद्या हातोडा घाला असं मी म्हणणार नाही. वॉर्डाच्या आतली भिंत मात्र रिकामी हवी, सगळ्यांसाठी सारखी.

पण उशीखालचा अंगारा, मनगटावरचा ताईत, उशाशी ठेवलेला स्वामींचा फोटो, रोझरी, तसबीह, बाबासाहेबांची छोटी तसबीर, यांना हात लावायचा नाही. स्वच्छतेच्या नावाखाली ते उचलून टेबलाच्या खणात टाकणाऱ्याला कोणीतरी थांबवलं पाहिजे. आणि जिथे वेदना, मरण आणि जन्म रोज घडतात, तिथे रुग्णाने मागितलं तर त्याच्या धर्माचा माणूस बोलावून देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी. दाखल होताना भरायच्या कागदावर रक्तगट आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर लिहितात. त्याखाली एक ओळ वाढवावी : कोणाला बोलवायचं आहे का? ती कोरी ठेवायची मुभा प्रत्येकाला असावी, आणि भरली असेल तर रात्री दोन वाजताही कोणीतरी तो फोन लावावा.