रिकाम्या बंदुकीचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात बंदूक नेहमी झाडली जाते. कुणीतरी कुणावर तरी झाडतो, मग कुणीतरी पडतो, आणि त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. ‘बंदूक आपली आपण उडाली’ असं वाक्य आमच्या शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नाही. मराठीनं मात्र यासाठी दोन क्रियापदं वेगळी राखून ठेवली आहेत. झाडणारा झाडतो, आणि उडायची ती उडते. झाडल्याचे तहनामे झाले, पोवाडे झाले, पुतळे झाले. उडाल्याचा फक्त पंचनामा झाला.

आता मी काही इतिहासाचा माणूस नव्हे. बी. कॉम. झालो आणि बँकेला चिकटलो, तो अजून सुटलेलो नाही. दुसऱ्यानं मोजलेलं पुन्हा मोजणं हा माझा धंदा. बंडलावर कागदी पट्टी असते, तिच्यावर सही असते, शिक्का असतो, आत शंभर नोटा आहेत असं साऱ्या जगाचं मत असतं. तरी मी मोजतो. हल्ली मोजायला यंत्र आलं, तर मी यंत्रातून दोनदा काढतो. समोरचा गृहस्थ म्हणतो, “अहो साहेब, तुमच्याच शेजारच्या काउंटरवरून आत्ता आणलंय!” म्हटलं, म्हणूनच.

अशा स्वभावाच्या माणसानं सहलीला जाऊ नये. पण गेल्या थंडीत आमची शाखा दौलताबादला निघाली आणि वर्गणी आधीच भरलेली होती. मंडळींना किल्ला दिसला, चांदमिनार दिसला, सीताफळवाले दिसले. मला जागोजागी ऑडिटचे शेरे दिसायला लागले.

पहिला शेरा सन १२९६ चा. तेव्हा या गावाचं नाव देवगिरी. (पुढे महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली आणि दौलताबाद हे नाव दिलं. बदलीच्या ऑर्डरीला घाबरणाऱ्या प्रत्येक बँकवाल्यानं इथं दोन मिनिटं उभं राहावं.) अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवराव यादवांची मोठी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर. घाईघाईनं दरवाजे लावले आणि किल्ल्याच्या आसपास सापडली ती पोती आत ओढली. फिरिश्त्यानं दिलेल्या हकीकतीप्रमाणे कोकणातून आलेले व्यापारी ती पोती टाकून पळाले होते. धान्य आहे, चिंता नाही, असं सगळे धरून चालले. शंकरदेव परत आला, लढला, हरला, आणि ऐन वेळी पोती उघडली तर आत मीठ! खाल्ल्या मिठाला जागावं हे खरं, पण जागायला आधी पोटात भाकरी लागते. रामदेवरावांना तह करावा लागला.

हे ऐकून मी तिथल्या पायरीवर बसलोच. एवढ्या श्रीमंत दरबारात एक कारकून नव्हता? एका पोत्यात काही खुपसून मूठभर माल बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो? पण नाही. भरलेलं आहे असं सगळ्यांना ‘वाटत’ होतं. रिकाम्या बंदुकीची गोष्ट हीच, फक्त उलटी शिवलेली. तिथं सगळ्यांना ती रिकामी आहे असं वाटत असतं.

दुसरा शेरा १६३३ चा, आणि तो गाइडनं सांगितला नाही. तो शहाजहानच्या दरबारी इतिहासात, अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यात आहे. किल्ल्यात निजामशाहीचा फत्तेखान, म्हणजे मलिक अंबरचा मुलगा. बाहेर मोगलांचा महाबतखान. अंबरकोटाच्या तटाखाली मोगलांनी भुयार खणलं आणि सत्तर मण दारू ठासली. (हा मजकूर मी नंतर शाखेत वाचून दाखवला तेव्हा दारू म्हणताच आमच्या हेडकॅशिअरनी मान वर केली. उडवायची दारू, असा खुलासा करावा लागला.) बेत असा की हल्ल्याची माणसं पहाटे खंदकापाशी जमायची, मग सुरुंग उडवायचा, आणि धूर विरायच्या आत सगळ्यांनी आत घुसायचं. कुणाचा निरोप कुठं चुकला कोण जाणे, सुरुंग ठरल्या वेळेच्या तासभर आधीच उडाला. तटाची २८ गज भिंत आणि बुरुजाचा १२ गज भाग उडून गेला. भलंथोरलं खिंडार पडलं आणि आत शिरायला मोगलांची माणसंच जमलेली नव्हती! आतल्या लोकांनी फळ्या आणि तुळया आणून खिंडार बुजवायला घेतलं.

पुढे अंबरकोट पडला, त्याच वर्षी उपासमारीनं किल्लाही गेला, ते सगळं खरं. पण त्या एका तासाचं काय? भुयार खणून, सत्तर मण ठासून, दिल्लीच्या बादशहाचं सैन्य त्या क्षणी झोपलेलं किंवा वाटेत होतं. साताऱ्याला सन १७०० मध्ये तर याहून वाईट झालं. औरंगजेबाच्या लोकांनी अजिंक्यताऱ्याखाली दोन सुरुंग पेरले. पहिल्यानं किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गेले, ते जिवंत निघाले. दुसरा उडाला तो बाहेरच्या बाजूला, चढाईला जमलेल्या मोगलांच्याच अंगावर, आणि हजारावर माणसं गाडली गेली. दारूला शत्रू कोण आणि मालक कोण हे कळत नाही. ती मस्टर बघत नाही.

आता तोफा-सुरुंगांचं सोडा, माणसानं बंदूक जवळ बाळगायला घेतली तेव्हाची हालत बघा. तोड्याची बंदूक म्हणजे काय, तर एका हातात जळती वात, कमरेला दारूचं शिंग, आणि दोन्हींच्या मध्ये शिपायाचं पोट. कान्यावर जी बारीक दारू घालायची तिला आपल्याकडे रंजक म्हणतात. इतक्या भयंकर वस्तूला इतकं गोड नाव देणारा माणूस नक्की विनोदी लेखक असणार. रंजक घालताना वात लांब धरायची, सांडलेले कण फुंकून टाकायचे, मगच वात जागेवर लावायची. १६०७ साली हॉलंडमध्ये डी गेन नावाच्या चित्रकारानं शिपायांसाठी कवायतीचं पुस्तक काढलं. त्यात बंदूक एकदा भरून उडवायची तर चाळीसहून अधिक चित्रं आहेत. शत्रूला मारण्याचं त्यातलं एखाददुसरं. बाकीची बहुतेक स्वतःला न पेटवता बंदूक भरायची कशी आणि बाळगायची कशी, याची.

मग चकमकीची बंदूक आली, घोडा अर्धा ओढून खाचेत अडकवायची सोय झाली. खाच झिजली की घोडा अडकायचा नाही, सुटायचा. मग काडतूस आलं, आणि सहाबारी आली. सहाबारीची गंमत अशी की जुन्या बनावटीत घोड्याचं नाक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेलं असे. चाप ओढायचीही गरज नाही, घोड्यावर टपली बसली की काम झालं. आपण सिनेमात ज्याला पाहतो तो अमेरिकेतला वायट अर्प, गोळीबाराचा दादा माणूस. ९ जानेवारी १८७६ ला विचिटा गावात तो गुत्त्याच्या मागल्या खोलीत बसला होता. सहाबारी म्यानातून घसरली, घोडा खुर्चीवर आपटला, आणि गोळी त्याच्याच कोटातून, भिंतीवरून, छतातून पसार झाली. गावाच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली. तिकडचे शहाणे लोक मग घोड्याखालचं घर रिकामं सोडत. म्हणजे सहाबारीत पाचच! बँकेत ‘मिनिमम बॅलन्स’ ठेवतात तसं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमारातल्या एका जहाजाच्या डेकवर रिव्हॉल्व्हर पडून उडालं आणि खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसननं घोड्याआडचा अडसर नव्यानं घडवला. अडसर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दौलताबादच्या दरवाजांना खिळे आहेत, आड भिंती आहेत, पुढे खंदक आहे, मग ती काळोखी अंधारी आहे. एक चुकलं तर दुसरं थांबवील, असा विचार आहे. चांगल्या पिस्तुलात आता हाच विचार असतो. चाप पुरता ओढल्याशिवाय आतला अडसर हटत नाही. माणसानं तीनचारशे वर्षं बंदूक नेमकी उडावी म्हणून डोकं चालवलं, आणि पुढची दीडदोनशे ती नको तेव्हा उडू नये म्हणून.

तरीही १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूला नट गोविंदा कोलकात्याला निघायच्या गडबडीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, पडलं आणि उडालं. गोळी डाव्या गुडघ्याखाली लागली. ती काढली, ४ तारखेला ते घरी आले, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. भांडण नाही, चोर नाही, खलनायक नाही. पहाटे पावणेपाचची वेळ आणि विमान गाठायची घाई, एवढंच. वाचल्यावर मला महाबतखानाची ती पहाट आठवली. तिथंही वेळेचाच घोळ होता.

हे सगळं मी आमच्या सुभेदारांपुढे मांडलं. सुभेदार म्हणजे आमच्या शाखेचे गनमॅन, फौजेतून निवृत्त, दुनळी बंदूक आणि मिशा दोन्ही रोज पुसणारे. सहलीला ते बंदूक अर्थातच घेऊन आले नव्हते, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना दिवसभर कळत नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, पडती बंदूक झेलायची नाही. भांडं पडलं तर झेला, पोरगं पडलं तर झेला. बंदूक पडू द्या. झेलायला गेलं की बोट बरोबर चापातच जातं.”

मला हे नवीन होतं. मग ते खुलले. पिस्तूल खिशात ठेवायचं तर त्या खिशात दुसरं काही नको, किल्ली नको, सुटे पैसे नकोत. चापात काय अडकेल सांगता येत नाही. म्यान असं हवं की चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. बोट चापाच्या बाहेर, नळीवर सरळ. नळीचं तोंड कधी माणसाकडे नाही, ‘रिकामी आहे हो’ म्हणत तर नाहीच नाही. आपल्या सरकारनं २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याला हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं वरातीतल्या हौशी बारांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं. सुभेदारांना हे कलम तोंडपाठ होतं. भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकाला ते घोड्यासमोर उभं राहून ऐकवलं होतं, म्हणाले. (हा घोडा वरातीचा.)

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी रोज समोर बघत होतो, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. संध्याकाळी पाळी बदलताना सुभेदार दुनळी मोडून दोन्ही नळ्यांत बघतात. बोट घालून चाचपतात. मग उघडीच दुसऱ्या गनमॅनच्या हातात देतात. तोही बघतो, तोही बोट घालतो. एवढं होईपर्यंत नळीचं तोंड आगीच्या वाळूच्या बादलीकडे. मी विचारलं, “तुम्ही आत्ताच बघितलीत ना? मग त्यानं परत का बघायची?”

सुभेदार माझ्याकडे बघून मिशीत हसले. “तुम्ही आमच्या पगाराचं बंडल दोनदा का मोजता?”

यावर मी त्यांना उसाचा रस पाजला.

रस पिऊन आम्ही मेंढा तोफेच्या बुरुजावर चढलो. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं शिंगं असलेलं डोकं आहे, म्हणून हे नाव. खरं नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, आणि अंगावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं. गरगर फिरेल अशी ती मधल्या खुंटावर बसवली आहे. गाइड सांगत होता की ती चौफेर मारा करी. तोफेच्या पोटात मागच्या बारातली एक ठिणगी राहिली असेल तर नवी दारू ओततानाच ती उडे आणि ओतणारा जाई, म्हणून गोलंदाज आधी ओला बोळा आत फिरवीत, हे मी त्यात भर घातलं. गाइडला ते आवडलं नाही.

मुलांचे फोटो काढायचे ठरले. हेडकॅशिअरांनी चार पोरं नळीच्या तोंडासमोर उभी केली, एकाला आत मुंडकं घालायला सांगितलं. सुभेदार दोन पावलं पुढे आले. काही बोलले नाहीत. एकेका पोराचा दंड धरून त्यांनी चौघांना तोफेच्या बाजूला, मेंढ्याच्या डोक्याकडे, नेऊन उभं केलं.

गाइड हसून म्हणाला, “अहो काका, किती वर्षं झाली, कुणी हात लावला नाही तिला. रिकामी आहे!”

“आत कुणी बघितलंय का?” सुभेदारांनी विचारलं.

गाइडनं आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे. मग तो तोफेच्या कडेनं उभा राहिला आणि मोबाइलचा दिवा लावून त्यानं आत डोकावून बघितलं. वेफर्सचे तीन पुडे आणि पाण्याची एक बाटली निघाली. बाटली अर्धी भरलेली होती.