उलट्या रेघेची कुळकथा

तारीख लिहिताना किंवा सर्व्हे नंबर टाकताना आपण जी तिरकी रेघ मारतो, ती छापखान्याच्याही आधीची. तिची उलटी बहीण, म्हणजे \ ऊर्फ बॅकस्लॅश, मात्र यंत्राच्या पोटी जन्मली. हातानं लिहिणाऱ्याला तिची गरजच नव्हती. १९३०च्या दशकातल्या काही तारयंत्रांवर ती तुरळक दिसते, पण बस्तान बसलं ते साठच्या दशकात.

तेव्हा अमेरिकेत सगळ्या संगणकांसाठी एकच अक्षरसंच ठरत होता: ‘अॅस्की’. आयबीएममधले बॉब बेमर यांनी १९६१ साली त्यात ही रेघ आणली, ती अल्गोल या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी. अल्गोलमध्ये ‘आणि’ला ∧ आणि ‘किंवा’ला ∨ लागे. दोन नव्या खुणांना जागा कुठली द्यायची? सुलटीशेजारी उलटी ठेवली की /\ तयार, क्रम फिरवला की \/. एका रेघेत दोन कामं! १९६३च्या अॅस्कीत ती ९२ क्रमांकावर बसली. पुढे अल्गोल मागे पडली, रेघ राहिली.

तिला घरोघरी पोचवलं डॉस या संगणक चालवणाऱ्या प्रणालीनं, तेही नाइलाजानं. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. / ही खूण आज्ञेला जोडायच्या सूचनांसाठी वापरत. ‘डीआयआर’ या आज्ञेपुढे ती आणि डब्ल्यू टाइप केलं की फाइलींची यादी आडवी पसरे. १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा १० एमबी हार्ड डिस्कचा संगणक आला. एवढ्या जागेत फाइली नुसत्या ओतून कसं चालेल? म्हणून डॉस २.० मध्ये फोल्डर आले. युनिक्स या दुसऱ्या प्रणालीत फोल्डरची नावं / नं तोडत, पण इथे ती आधीच गुंतलेली. मग उलटी घेतली आणि सी:\ जन्माला आलं. गंमत म्हणजे डॉसच्या गाभ्याला दोन्ही रेघा चालत. अडून बसायच्या त्या आज्ञा.

प्रोग्रामर मात्र वैतागले. सी भाषेत \ म्हणजे ‘पुढचं अक्षर नेहमीच्या अर्थानं वाचू नका’ असा इशारा. त्यामुळे तिथे फाइलचा पत्ता लिहायचा तर प्रत्येक ठिकाणी \\ असं दोनदा ठोकावं लागतं. जपानमध्ये तर ९२ क्रमांकाची जागा येनच्या चिन्हाला दिलेली, म्हणून जपानी विंडोजवर सी:¥ असा पत्ता दिसतो. पैशाचं चिन्ह फोल्डर उघडतंय, हा प्रकार मला भारी आवडतो.

वेबनं मात्र युनिक्सची सुलटी रेघच उचलली. पत्त्याच्या सुरुवातीच्या // ची तशी गरज नव्हती, असं खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ साली कबूल केलं. तेव्हा फोनवरून वेबसाइटचा पत्ता सांगणाऱ्यांना एक विनंती: त्यात ‘बॅकस्लॅश’ नसतो. नुसतं ‘स्लॅश’ म्हणा.